‘१९६९ची ओरिजिनल रप’: मिनी बाइकच्या व्यवहारात झालेली फसवणूक

अमेरिकेत राहून जुन्या मिनी बाइकचा नाद लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहोत. ओहायोतल्या एका खरेदीदाराने ‘१९६९ची ओरिजिनल रप’, म्हणजे रप या जुन्या अमेरिकन कंपनीची मूळ मिनी बाइक म्हणून १,८०० डॉलर मोजले. गाडी घरी आली, रंग खरवडला, तेव्हा फ्रेम कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वेल्ड केलेली निघाली आणि इंजिन बर्फ उडवायच्या मशीनचं. पैसे मागितल्यावर विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: “खरी मिनी बाइक आहे की नाही, ते सांगा!”

गंमत म्हणजे, आहे. शौकिनांच्या हिशोबाने मिनी बाइक म्हणजे पोलादी नळ्यांची बुटकी फ्रेम, दोरी ओढून सुरू होणारं लॉनमोअर जातीचं फोर-स्ट्रोक इंजिन, सेंट्रिफ्यूगल (इंजिनचा वेग वाढला की आपोआप धरणारा) क्लच आणि तिथून थेट मागच्या चाकाला चेन. गिअरबॉक्स नाही. मागे सस्पेन्शन सहसा नसतंच, पण रपच्या काही मॉडेलना ते होतं, त्यामुळे ती कसोटी ताणू नये. होंडाची झेड५० म्हणजे मंकी कितीही गोंडस असली तरी तिला गिअर आहेत, म्हणून कट्टर लोक तिला वेगळ्या पंगतीत बसवतात. भारतात ऑनलाइन मिनी बाइक म्हणून खपवतात ती ४९ सीसीची टू-स्ट्रोक चिनी पॉकेट बाइक तर या घराण्यातलीच नव्हे. शिवाय आरटीओत तिची नोंदणी होत नाही, म्हणजे रस्त्यावर काढायची सोय नाही.

तेव्हा ‘खरी’ आणि ‘ओरिजिनल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचे पैसे उकळणं, ही यातली मेख.

रप हे नाव मोठं का, तर कंपनीचा मालक मिकी रप हा स्वतः रेसर. १९६५च्या इंडियानापोलिस ५००मध्ये तो सहावा आला होता. त्याचा कारखाना ओहायोतच, मॅन्सफिल्डला. त्याच्या गाड्यांवर टेकुमसे या अमेरिकन कंपनीची इंजिनं असत. म्हणून टेकुमसे दिसलं की गिऱ्हाईक निम्मं पटतं. इथे विकणाऱ्याने इंजिनाच्या पत्र्यावर ठोकलेला आकडा दाखवला. टेकुमसेच्या तारखेच्या कोडमध्ये पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन त्या वर्षातला दिवस. कोड ९ने सुरू होत होता, म्हणून म्हणे १९६९! पण तोच ९ १९७९, १९८९ किंवा १९९९चाही असू शकतो. दशक त्या कोडमधून कळतच नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांवर ही पळवाट नाही, तिथे कोडचे पहिले दोन आकडे वर्षाचे.

दशक ठरवायला मॉडेल नंबर आणि इग्निशन बघा. या इंजिनावर एचएसएसके५० होतं. त्यातलं एसके म्हणजे स्नो किंग, बर्फाच्या मशीनचं इंजिन. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) फ्लायव्हीलखाली असतील तर इंजिन जुनं असण्याची शक्यता राहते. कॉइलचा ठोकळा फ्लायव्हीलच्या बाहेर आणि पॉइंट नाहीतच, तर १९६९ विसरा. उत्सर्जनाचं स्टिकर किंवा ते खरवडल्याची खूण दिसली तर इंजिन १९९०च्या दशकाच्या मध्यानंतरचं.

स्नो किंगमध्ये खरं नुकसान पुढेच आहे. बर्फात धूळ नसते, म्हणून त्याला एअर फिल्टर देतच नाहीत. कार्ब्युरेटरभोवती पत्र्याची पेटी असते. मिनी बाइकवर बसवताना ती पेटी काढून टाकतात आणि कार्ब्युरेटर उघडं राहतं. मातीच्या वाटेवर धूळ थेट आत जाते, रिंगा आणि सिलिंडर घासतात, इंजिन तेल खाऊ लागतं, निळा धूर येतो. घेऊन बसलाच असाल तर अ‍ॅडॅप्टर लावून फिल्टर बसवा आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पुन्हा जुळवा.

फ्रेमवर स्टिकरला काडीची किंमत देऊ नका. नवे छापील स्टिकर उघड मिळतात आणि दुरुस्तीसाठी ते वापरणं गैरही नाही. सीटखाली आणि इंजिनच्या पाटाखाली बघा. जुन्या फ्रेमला तिथे रंगाचे दोन-तीन थर, गंज, झिजलेली भोकं सापडतात. या फ्रेमला सगळीकडे एकसारखा ताजा काळा पावडर कोट होता. खरवडल्यावर वेल्डजवळ जळलेल्या जस्ताची पांढरी पूड दिसली, म्हणजे नळी गॅल्व्हनाइज्ड, बहुधा वायरिंगच्या पाइपची. असला पाइप फोर्कच्या मानेशी वापरणं धोक्याचं.

जाहिरातीत ‘४५ मैल वेग’ही होता. चेनच्या चक्रांना पुढे १२ आणि मागे ७२ दात, म्हणजे इंजिनाच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक. गव्हर्नर (वेगाला लगाम घालणारी यंत्रणा) असलेलं इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या वर जात नाही. १३ इंची टायरवर तो वेग ताशी साधारण २३ मैल होतो. पंचेचाळीससाठी ७,०००च्या आसपास फेऱ्या हव्यात. म्हणजे एक तर थाप, नाहीतर गव्हर्नर काढलेला. ओतीव फ्लायव्हील त्या वेगाला फुटू शकतं आणि ते तुमच्या गुडघ्याशेजारी असतं.

पैसे झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या अमेरिकी सेवेने गेले होते. आपण स्वतः पाठवलेल्या रकमेला तिथे खरेदीचं संरक्षण नसतं. पावतीवर फक्त ‘मिनी बाइक, एक नग’ एवढंच लिहिलेलं, त्यामुळे तक्रारीलाही जोर राहिला नाही. पावतीत कंपनीचं नाव, वर्ष, इंजिनाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि कोड, शिवाय ‘फ्रेम मूळ कारखान्याची’ हे शब्द सहीसकट घ्या, तेही पैसे देण्याआधी.