ताण की बर्नआउट?

मार्चअखेर आली की बँकेत दिवस बारा तासांचा होतो. डोकं ठणकतं, झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते. हा ताण. 'एवढं आटपलं की सुटलो' असं त्यात माणसाला मनापासून वाटत असतं, आणि एप्रिलमध्ये चार दिवस गावी जाऊन आला की तो खरोखर ताजातवाना होतो.

बर्नआउटमध्ये ती सुट्टीच लागू पडत नाही. आठ तास झोपूनही माणूस गळालेलाच उठतो. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून याबद्दल लिहिलं. तिथे गळून गेलेली माणसं आळशी नव्हती, उलट झोकून देऊन काम करणारी होती. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणते. खुणा तीन: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

मला दुसरी खूण सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक पेशंटला नावाने हाक मारणारी नर्स 'सात नंबर बेड' म्हणू लागते. थकवा चेहऱ्यावर दिसतो, हा दुरावा मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही.

ताणाला विश्रांती पुरते. बर्नआउटला कामच बदलावं लागतं: पाळ्या, माणसांची संख्या, वरिष्ठांशी स्पष्ट बोलणं. उदासी सणावारातही पाठ सोडत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.