डिस्ट्रोंची तुलना वाचायची कुठे? एक जत्रांचा हंगाम काढल्यावरचं मत

फोंड्यात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, देवळांच्या उत्सवांचे कार्यक्रम आणि कार्तिकापासून पुढे जत्रांतल्या नाटकांची हँडबिलं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमचे पीसी सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे, म्हणजे विंडोज ११ च्या यादीबाहेरचे. चालती मशिनं भंगारात घालवेनात, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स. पण त्याच्या डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधून दिलेल्या तयार सिस्टीम, शेकड्यांनी. तेव्हापासून तुलनेची जी ठिकाणं वापरली, त्यांच्याबद्दल हे.

डिस्ट्रोवॉचपासून सगळेच सुरुवात करतात. २००१ पासूनची साइट, दिसायलाही तशीच. उजवीकडची क्रमवारी बघून निवड करू नका. त्या साइटवरचं त्या डिस्ट्रोचं पान किती जणांनी उघडलं, एवढाच तो आकडा. वापर किंवा दर्जा यांच्याशी त्याचा संबंध नाही, हे ते स्वतःच लिहितात. एमएक्स लिनक्स तिथे कित्येक वर्षं पहिलं होतं, माझ्या ओळखीत ते एकाकडेही नाही. खरा माल प्रत्येक डिस्ट्रोच्या पानावर खाली आहे. कुठल्या आवृत्तीत कुठलं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर, त्याचा लांबलचक तक्ता.

पॅकेजांसाठी मात्र मी आता रेपॉलॉजी ही साइटच उघडतो. सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की कुठल्या डिस्ट्रोत त्याची कुठली आवृत्ती आहे ते समोर येतं. नुसता आकडा वाचून घाबरायचं मात्र नाही. डेबियन १२ या डिस्ट्रोत लिब्रेऑफिस (वर्डसारखं काम करणारं फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) ७.४, उबुंटू २४.०४ मध्ये २४.२. बघणाऱ्याला वाटेल, डेबियन युगानुयुगं मागे आहे. प्रत्यक्षात ७.६ नंतर लिब्रेऑफिसने वर्ष-महिन्याचे आकडे धरले, मधलं अंतर दीडेक वर्षाचं. हे तक्ता सांगत नाही, रिलीज नोट्स वाचाव्या लागतात.

दुकानदाराने सगळ्यात आधी बघायला हवी ती साइट एंडऑफलाइफ डॉट डेट. कुठल्या आवृत्तीला अपडेट कधीपर्यंत, ते तिथे कळतं. फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ऐन जत्रेच्या गर्दीत सिस्टीम बदलत बसायची नसेल तर निम्मी यादी इथेच गळते. फेडोरा वाईट आहे असं नाही. घरच्या लॅपटॉपवर मी तेच ठेवलंय.

डिस्ट्रोसी या साइटवर ब्राउझरमध्येच डिस्ट्रो चालवून बघता येते. मेनू कुठे, सेटिंग्ज कशा, एवढं कळायला पुरे. वेगावरून मत बनवू नये, मशीन त्यांचं असतं. आपल्या वायफायचं, प्रिंटरचं काय होणार हे कळायला व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक डिस्ट्रो चालू करून देणारं सॉफ्टवेअर) घातलेला पेनड्राइव्हच हवा. तीन-चार आयएसओ, म्हणजे डिस्ट्रोच्या फायली, त्यावर नुसते कॉपी करायचे आणि लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालू करून एक टेस्ट प्रिंट काढायची. यूट्यूबवरच्या ‘टॉप टेन’मध्ये वॉलपेपरच जास्त दिसतात, ते सोडून द्या.

आपल्या कामाची एक तुलना मला कुठेच सापडली नाही: देवनागरी. म्हणून लाइव्ह सेशनमध्ये मी ‘सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर’ टाइप करून बघतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डमधून तो ऱ्य सरळ उमटतो का, छापल्यावर टिकतो का? मग ‘लाल’ आणि ‘शाल’. लिब्रेऑफिसात मजकुराची भाषा मराठी लावली की, फाँटात सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे येतात. हिंदी राहिली तर पत्रिकेचं गिऱ्हाईक लगेच नाक मुरडतं. मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या आवृत्तीवर आयबस (टायपिंगची सोय करणारं सॉफ्टवेअर) आणि नोटो फाँट घालून हे जमलं, आणि दुकानात तेच राहिलं.

युनिकोड नसलेल्या फाँटातल्या जुन्या फायलींसाठी एक विंडोज पीसी नेट तोडून कोपऱ्यात ठेवलाय. त्यावर कुठल्याच डिस्ट्रोत उत्तर मिळालं नाही.