स्प्लिंक वापरून बघितलं: 1 जूनवाल्यांचा गुंता बऱ्यापैकी सुटतो

पेशंट एकच पण ओपीडीची नोंद एकीकडे, लॅबची दुसरीकडे, बाळंतपणाची तिसरीकडे. आभाचा (सरकारी आरोग्य खात्याचा) 14 आकडी नंबर सगळीकडे असता तर प्रश्नच नव्हता, पण जुन्या रजिस्टरात तो येणार कुठून? म्हणून नाव, जन्मतारीख, गाव बघून नोंदी जुळवायला स्प्लिंक घेतलं. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने बनवलेली पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची लायब्ररी, एकदम फुकट, आतलं गणित फेलेगी आणि संटर या संख्याशास्त्रज्ञांचं, 1969 चं.

सगळ्यात भारी वाटलं ते टर्म फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे एखादं नाव किंवा तारीख किती वेळा येते ते बघणारं सेटिंग. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेल्या 1 जूनमुळे त्या तारखेचे लोक ढिगाने सापडतात, मग दोन नोंदींत 1 जून जुळली म्हणून माणूस एकच असं थोडीच होतं? हे सेटिंग लावलं की 1 जूनला कमी वजन मिळतं आणि 17 ऑक्टोबरसारखी तारीख जुळली तर जास्त. कोल्हापूरकडच्या पाटलांनाही तोच न्याय. वॉटरफॉल चार्टमध्ये एकेक जोडी उघडून कशाने गुण वाढले, कशाने कापले ते हिरव्या-लाल पट्ट्यांत दिसतं, डॉक्टरांना समजावताना याचा लय उपयोग झाला.

स्पीड चांगला, साधा लॅपटॉप पुरतो, फक्त ब्लॉकिंगचे, म्हणजे कोणत्या नोंदी एकमेकींशी ताडायच्या ते ठरवणारे नियम नीट लिहा, कारण 1 लाख नोंदी सरसकट एकमेकींशी ताडायच्या म्हटलं तर सुमारे 500 कोटी जोड्या होतात, मग बसा पंख्याचा आवाज ऐकत.

आता रडगाणं. नावांची तुलना इंग्रजी वळणाची. एकाने Dnyaneshwar च्या जागी Gyaneshwar असं टाइप केलं की पहिलंच अक्षर बदलतं आणि जारो-विंकलर (दोन शब्द किती सारखे ते मोजणारं सूत्र) सुरुवात जुळण्याचा बोनस देतो तो गेला. त्यात लग्न झालेल्या बायका! वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव दुसरं, कधीकधी पाळण्यातलं नावही बदललेलं, म्हणजे जन्मतारखेशिवाय हाताशी काही उरत नाही आणि ती पण 1 जून. यासाठी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत आपले नियम लिहिता येतात, पण ते लिहायचे आपणच.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण मधल्या, धड ना इकडच्या धड ना तिकडच्या जोड्या नर्सताईंना तपासायला द्यायच्या तर मनासारखी तयार स्क्रीन सापडली नाही, आम्ही शेवटी एक्सेलमध्ये काढून दिल्या.