पेशीपासून अवयवापर्यंत: शाळेसाठी घेतलेला सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांचा संच

डिचोली तालुक्यातील आमच्या शाळेसाठी गेल्या वर्षी म्हापशातून एक संयुक्त सूक्ष्मदर्शक आणि 25 तयार काचपट्ट्यांचा संच, दोन्ही मिळून साडेसहा हजार रुपयांना घेतले. नववीला ऊती, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचे समूह, शिकवताना वर्षभर वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

संचाचे खरे मोल काचपट्ट्यांच्या क्रमात आहे. सुरुवातीला अमीबा आणि पॅरामेशियम, म्हणजे एकाच पेशीत सारा संसार चालवणारे जीव. मग एकेक ऊती. आणि शेवटी पान, खोड व आतडे यांचे आडवे छेद. पानाचा छेद तर अप्रतिम आहे. 100 पट मोठा करून पाहिला, की वर दाटीने उभ्या असलेल्या हिरव्या पेशींची ओळ, तिच्याखाली मधेमधे पोकळी सोडून विखुरलेल्या पेशी आणि शिरेत शेजारी शेजारी बसलेल्या जलवाहिन्या व रसवाहिन्या स्पष्ट दिसतात. “सर, ह्या रिकाम्या जागा कशाला?” असे एका मुलीने विचारले. मी उत्तर न देता तिला काचपट्टी हळूहळू सरकवायला सांगितली आणि खालच्या कडेचे पर्णरंध्र तिने स्वतःच शोधून काढले. हवा आत कुठून येते आणि कुठे खेळते, हे फळ्यावरच्या आकृतीने इतके कधीच पटले नव्हते.

पट्टकी स्नायूंवरचे आडवे पट्टे 450 पटींवर चांगले दिसतात. चेतापेशीच्या पट्टीचा रंग मात्र इतका फिका आहे, की ती बाजूलाच ठेवावी लागली. झाडाला बळकटी देणाऱ्या दृढ ऊतीची पट्टी संचात नाही. ती उणीव आम्ही नारळाच्या सोडणाचे तंतू भिजवून, सॅफ्रॅनिनने रंगवून भरून काढली. जाड भित्तिकांच्या त्या लांबट, मृत पेशी पाहिल्यावर काथ्याच्या दोरीला बळ कुठून येते ते मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. जुलैच्या दमट हवेत 45 पटींच्या भिंगावर बुरशी चढली. पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडीसुद्धा नव्हती आणि विक्रेत्याने हा दोष हमीत बसत नसल्याचे सांगून हात वर केले. नवे भिंग पदरमोड करून बसवले. काचपट्ट्या निःशंकपणे घ्याव्यात. सूक्ष्मदर्शक घेणाऱ्या गोव्यातील शाळांनी मात्र पावसाळ्यापूर्वी तो विजेचा लहान दिवा लावून ठेवलेल्या बंद कपाटात हलवावा आणि निळे सिलिका जेल ओलाव्याने गुलाबी पडताच बदलावे.