पोटेन्शियल डिफरन्स: कॉस थीटा लावायचा की रस्ता तोडायचा?

दोन बिंदूंमधला पोटेन्शियलचा (व्होल्टमधला) फरक काढायचाय, इलेक्ट्रिक फिल्ड युनिफॉर्म, म्हणजे एकसमान, आहे आणि फिल्ड नि रस्ता यांच्यातला कोन थीटा दिलाय तर वजा ई डी कॉस थीटा (ई म्हणजे फिल्ड, डी म्हणजे अंतर), एका ओळीत उत्तर, प्रश्नच नाही. पण कोऑर्डिनेट्स दिले असले ना, की मी रस्ता तोडतोच, एक तुकडा फिल्डच्या दिशेने, एक काटकोनात. समजा फिल्ड उजवीकडे, २०० व्होल्ट प्रति मीटर, आणि बिंदू बी हा बिंदू एपासून ३ सेंमी उजवीकडे नि ४ सेंमी वर, तर आधी वर जा, फिल्डला काटकोनात म्हणून बदल शून्य, मग उजवीकडे ०.०३ मीटर, म्हणजे ६ व्होल्ट कमी, कारण फिल्डच्या दिशेने पोटेन्शियल उतरतं. कॉसवाल्या पद्धतीत आधी ५ सेंमी अंतर काढा, मग कॉस ०.६, उत्तर तेच येतं, पण घाईत वजा चिन्ह विसरलं की बी उगाच वरचढ दिसतो.