कादंबरीशेजारी एक चित्रपट ठेवावा की दोन-तीन?

कादंबरी आणि तिचं चित्रपट-रूपांतर वर्गात शिकवायचं ठरलं की शिक्षकापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे कादंबरी वाचून घ्यायची आणि मग तिच्यावरचा एक चित्रपट अखंड दाखवायचा. दुसरी म्हणजे जिच्यावर एकाहून जास्त चित्रपट निघालेत अशी कादंबरी घ्यायची आणि त्या चित्रपटांतले मोजकेच प्रसंग समोरासमोर ठेवायचे. मी दोन्ही पद्धतींनी शिकवलं आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण माझा कल आता एकीकडे झुकला आहे.

आधी अखंड चित्रपटाची बाजू. चित्रपटाला स्वतःची लय असते आणि तुकडे केले की ती हरवते. आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ १९५८ची आणि विजय आनंद यांचा ‘गाइड’ १९६५चा. कादंबरीच्या शेवटी, दुष्काळात पावसासाठी उपोषणाला बसलेला नायक राजू डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला का, राजू वाचला का, हे नारायण सांगत नाहीत. चित्रपटात मात्र पाऊस कोसळतो. त्या पावसाचं वजन कळायचं तर आधीचा दुष्काळ, उपोषण, गर्दीची वाढत गेलेली आशा हे सगळं मुलांनी पडद्यावर पाहिलेलं असावं लागतं. नुसता शेवट दाखवून ते होत नाही. एकाच कलाकृतीत खोल उतरायचं असेल तर हीच वाट बरी, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन.

तरीही मला या पद्धतीपासून दूर नेलं ते एका गोष्टीने: फरकांची यादी. चित्रपट संपला की मुलं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतात. डावीकडे ‘कादंबरीत आहे’, उजवीकडे ‘चित्रपटात नाही’. पान भरतं आणि खाली शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, ‘म्हणून कादंबरीच सरस आहे.’ यादीत खोटं काही नसतं, त्यामुळे गुणही कापता येत नाहीत. पण त्या पानात विचार असा नसतोच. ‘काय बदललं’ऐवजी ‘का बदललं’ असं विचारून पाहिलं, तर ‘चित्रपटाला वेळ कमी असतो म्हणून’ हे उत्तर येतं आणि चर्चा तिथेच थांबते. माझ्या मते दोष मुलांचा नाही. समोर दोनच वस्तू असल्या की एक अस्सल ठरते, दुसरी नक्कल, आणि मग नकलेतल्या चुका शोधणं एवढंच काम उरतं.

दोन-तीन रूपांतरं शेजारी आली की ही यादी आपोआप निकामी होते. ‘देवदास’ घ्या. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे तिचे बंगाली लेखक शरच्चंद्र चट्टोपाध्याय, म्हणजे शरदबाबू, मराठी वाचकाला परके नाहीत, आणि १९१७ची ही कादंबरी आकारानेही छोटी आहे, मुलं खरोखर वाचून येतात. कादंबरीत देवदासची बालमैत्रीण पारो आणि त्याच्यावर जीव लावणारी गणिका चंद्रमुखी यांची भेट कधीच होत नाही. बिमल रॉय यांच्या १९५५च्या चित्रपटात दोघी रस्त्यात समोरासमोर येतात, एक पालखीत, एक पायी. नजरानजर होते आणि एक शब्दही न बोलता दोघी आपापल्या वाटेने जातात. संजय लीला भन्साळी यांच्या २००२च्या चित्रपटात त्या दोघी एकत्र नाचतात. म्हणजे मूळ पुस्तकात नसलेला प्रसंग दोन्ही दिग्दर्शकांनी घातला आणि दोघांनी तो अगदी वेगळा रंगवला. इथे ‘वेळ कमी होता’ हे उत्तर चालत नाही, कारण दोघांनीही वेळ काढून भर घातली आहे. मुलांना नाइलाजाने विचारावं लागतं की या दोघींनी एकमेकींना पाहावं असं दिग्दर्शकाला का वाटलं असेल. त्या प्रश्नापासून तास खऱ्या अर्थाने सुरू होतो.

तसंच पारोच्या कपाळावरच्या खुणेचं. कादंबरीत देवदास मासे धरायच्या गळाच्या काठीने मारतो, भन्साळींच्या चित्रपटात दागिन्याने. वस्तू बदलली की रागाची जातही बदलते. हे एका मुलीने वर्गात बोलून दाखवलं तेव्हा मला फार समाधान वाटलं, कारण ती चित्रपट पुस्तकाशी किती प्रामाणिक आहे याबद्दल बोलत नव्हती, अर्थाबद्दल बोलत होती.

आणखी एक गोष्ट या पद्धतीतच हाती लागते. त्याआधीच्या, प्रमथेश बरुआ यांच्या १९३६च्या हिंदी ‘देवदास’चे छायाचित्रकार बिमल रॉयच होते. नंतरचा चित्रपट फक्त पुस्तकाशी नाही, आधीच्या चित्रपटाशीही बोलत असतो, हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अडचणी आहेत. प्रसंग नेमके शोधून ठेवायला शिक्षकाचा बराच वेळ जातो. कृष्णधवल चित्रपटाची पहिली काही मिनिटं वर्ग चुळबुळतो. ज्यांनी रंगीत चित्रपट आधी पाहिलाय त्यांच्या डोक्यात देवदासचा चेहरा पक्का बसलेला असतो, तो वाचतानाही जात नाही. शिवाय चित्रपटाच्या लयीचं जे मी वर म्हटलं ते नुकसान होतंच. त्यावर मी एवढंच करतो की ज्या चित्रपटाने वर्ग जास्त अस्वस्थ होईल, तो नंतर सवडीने पूर्ण दाखवतो. लहान वर्गांना ‘देवदास’ पेलणार नाही. तिथे ‘श्यामची आई’ घेता येईल, अत्रे यांचा १९५३चा चित्रपट आणि २०२३चा नवा, दोन्ही आहेत.

ज्या कादंबरीवर एकच चित्रपट आहे आणि अभ्यासक्रमात तीच नेमलेली आहे, तिथे अर्थात निवड उरत नाही, अखंडच दाखवा. निवड हातात असेल तर मात्र मी अनेक रूपांतरांकडेच वळेन. परीक्षेत तेव्हा फरक विचारू नयेत. मी असं विचारतो: पुढचा ‘देवदास’ तुम्ही करताय, पारो आणि चंद्रमुखी भेटतील का? तुमच्या निर्णयाला आधार देणारी कादंबरीतली एक ओळ लिहा. ही ओळ शोधायला सगळा वर्ग पुन्हा पुस्तक उघडतो, आणि कादंबरीत भेट नाही म्हणून भेट नकोच, असं म्हणणाऱ्यालाही त्यामागचं कारण पुस्तकातूनच काढून दाखवावं लागतं.