झाम्यातिनचं 'वी': पुस्तकाला पाच स्टार, माझ्या प्रतीला दोन

आधी प्रतीबद्दल सांगते, कारण राग अजून गेलेला नाहीये. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसली ती पेपरबॅक मागवली आणि आत भाषांतर कोणी केलंय हेच कुठे छापलेलं नाही! 'वी' (We, म्हणजे 'आम्ही') ही मूळ रशियन कादंबरी, येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये लिहिलेली, म्हणजे आपण वाचतो तो शब्दन् शब्द भाषांतरकाराचा आणि नेमकं त्याचंच नाव गायब. कादंबरीतल्या राज्याला 'युनायटेड स्टेट', त्याच्या प्रमुखाला 'वेल-डूअर' असले शब्द यायला लागले तेव्हा कळलं की हे १९२४ चं ग्रेगरी झिलबूर्गचं जुनं भाषांतर. टाइप बारीक, आतलं मार्जिन नाहीच जवळजवळ, ओळीचं टोक वाचायला पुस्तक फाकवावं लागतं आणि मग पानं सुटतात. शेवटी मैत्रिणीकडून क्लॅरेन्स ब्राउनचं १९९३ चं पेंग्विनवालं आणलं, ते खूपच ओघवतं आहे, थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

आता पुस्तक. हजारेक वर्षांनंतरचं एक शहर, सगळ्या भिंती काचेच्या, कोणालाच नाव नाही, नंबर आहेत. एकाच वेळी उठायचं, एकाच वेळी घास तोंडात, प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, दिवसातले दोन तास फक्त स्वतःचे, आणि पडदे ओढायला परवानगी शरीरसंबंधासाठीचं गुलाबी कुपन असेल तेव्हाच. डी-५०३ हा या राज्याच्या अंतराळयानाचा मुख्य इंजिनिअर, आणि त्याला हे सगळं मनापासून आवडतं!! जुन्या काळातलं सर्वश्रेष्ठ साहित्य म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल असं तो अगदी भक्तिभावाने लिहितो. डायरीसुद्धा त्याने सुरू केली ती राज्याचं गुणगान यानातून दुसऱ्या ग्रहांवर जावं म्हणून.

मला हे ऑर्वेलच्या '१९८४' पेक्षा जास्त लागलं ते याच्यामुळेच. (ऑर्वेलने जानेवारी १९४६ मध्ये या पुस्तकावर लिहिलं होतं, फ्रेंच भाषांतर वाचून, आणि त्याची कादंबरी आली १९४९ ला.) '१९८४' चा नायक विन्स्टन पहिल्यापासून आतून विरोधात असतो, इथे मात्र भक्तच लिहितोय आणि त्याचं त्यालाच कळत नाही की आपली वाक्यं अर्धवट तुटायला लागलीयेत, उपमा यायला लागल्यात, एकदम टिंबं टिंबं टाकून तो थांबतो. आय-३३० ही बंडखोर बाई भेटल्यावर तर विचारूच नका. बंड आधी त्याच्या भाषेत होतं आणि मग रस्त्यावर येतं.

मी गणिताच्या शिकवण्या घेते त्यामुळे एक प्रसंग डोक्यातून जातच नाही. लहानपणी वर्गात उणे एकाचं वर्गमूळ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डी-५०३ बाकावर मुठी आपटून रडला होता, हे माझ्यातून काढून टाका म्हणून. पुढे आय-३३० त्याला म्हणते, तू गणितज्ञ ना, मग शेवटची संख्या सांग. तो म्हणतो अशी नसतेच. मग शेवटची क्रांती तरी कशी असेल, ती विचारते. हे मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून बसले नुसती.

निवडणुकीचं प्रकरण तर तुम्ही वाचाच. दरवर्षी एकच उमेदवार, सगळ्यांनी उघडपणे हात वर करायचा, आणि एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात. दुसऱ्या दिवशी सरकारी पेपर म्हणतो की ही मतं मोजायची नसतात, मैफिलीत आजारी माणसं खोकली तर तो खोकला संगीतात धरतात का!

लेखक स्वतः जहाज बांधणारा इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहून बर्फफोड्या जहाजांचं काम बघितलेला, म्हणून ती यंत्रं आणि वेळापत्रकं एवढी खरी वाटतात. त्याच्या देशात हे पुस्तक छापायला १९८८ उजाडलं. तो १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून बाहेर पडला आणि १९३७ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

सुरुवातीच्या नोंदी जड जातात, नंबर लक्षात राहत नाहीत, तरी सोडू नका. एकूण चाळीस नोंदी आहेत, रोज तीन-चार वाचल्या तर होतं.

पुढे शेवट सांगतेय, नको असेल तर इथेच थांबा. ऑपरेशन करून माणसांची कल्पनाशक्ती काढून टाकतात, डी-५०३ चीही. मग तो शांत बसून बघतो, आय-३३० ला काचेच्या घंटेखाली घालून हवा काढून घेतात, तीनदा, ती एक शब्द बोलत नाही. तो हे स्वच्छ, सरळ वाक्यांत लिहितो, एकही टिंब नाही. आणि मागची पानं चाळून म्हणतो की हे खरंच मी लिहिलं? अक्षर मात्र त्याचंच असतं.